या वयात कशाला? साठीच्या आसपास स्तनवर्धनाचा विचार करताना

मध्यंतरी माझ्याकडे साठीला टेकलेल्या एक बाई आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका. घरी सांगून आल्या होत्या की गुडघ्याच्या डॉक्टरकडे चालले आहे. सोबत धाकटी बहीण. (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या सगळ्याच पेशंटचे तपशील थोडे बदलले आहेत.) दहा मिनिटं त्या खरोखरच गुडघ्यांविषयी बोलल्या. मग बहिणीने कोपराने ढोसलं, तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, हसणार नाही ना?"

हसण्यासारखं काही नव्हतंच. दोन बाळंतपणं, दोन्ही मुलांना दीड-दोन वर्षं अंगावर पाजलेलं. पाळी जाताना वजन वाढलं, मधुमेह निघाला, मग हट्टाने चौदा किलो वजन उतरवलं. शुगर सुधारली, पण छाती रिकाम्या पिशवीसारखी झाली. "आंघोळीनंतर आरशात बघत नाही मी," त्या म्हणाल्या. "इम्प्लांट घालून भरून देता येईल का? की या वयात कशाला, असं म्हणाल तुम्हीही?"

हे "या वयात कशाला" मी अनेक वर्षं ऐकते आहे. नवरा म्हणतो, मुलगी म्हणते, आणि सांगायला वाईट वाटतं, पण डॉक्टरही म्हणतात. कॅन्सरमुळे एक स्तन काढावा लागलेल्या बासष्ट वर्षांच्या बाईने स्तनाच्या पुनर्रचनेबद्दल विचारलं, तर तिलाही हेच ऐकावं लागतं. जणू पन्नाशीनंतर बाईचं शरीर फक्त बीपी, शुगर आणि गुडघे मोजण्यासाठीच उरतं. मोतीबिंदू काढून लेन्स घातली, दातांची कवळी केली, केस रंगवले, तर कुणी काही बोलत नाही. छातीचा विषय निघाला की मात्र लगेच वय आठवतं.

तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकते. वय हे या शस्त्रक्रियेला नकार देण्याचं कारण नाही, आणि अशी इच्छा होणं लाजेचंही नाही. पण पंचविशीतल्या मुलीला मी जे सांगते, तेच तुम्हाला सांगून भागणार नाही. काही गोष्टी पन्नाशी-साठीला वेगळ्या असतात, आणि त्या जाहिरातीत नसतात.

हवं आहे ते नक्की काय?

त्या शिक्षिकाबाईंना मी आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, तुम्हाला काय हवं ते हातांनी दाखवा. त्यांनी दोन्ही तळव्यांनी स्तन अलगद वर उचलून धरले. "बस, इतकंच."

ही साधी कृती बरंच सांगून जाते. हातांनी वर उचलून "असं हवं" म्हणणाऱ्या बाईला आकार वाढवून नको असतो, स्तन पुन्हा जागेवर यायला हवे असतात. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांची ऑपरेशनंही निरनिराळी आहेत.

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना सांभाळणारे तंतुमय बंध असतात. पाळी जाते तसं इस्ट्रोजेन कमी होतं, ग्रंथी आक्रसतात आणि त्यांची जागा चरबी घेते. बंध सैलावतात, त्वचेची लवचीकता कमी होते. वजन वाढून पुन्हा उतरलं असेल तर आतला भाग कमी होतो, पण वरची त्वचा ताणलेलीच राहते. स्तनाच्या खालच्या घडीच्या तुलनेत स्तनाग्र कुठे आहे, यावरून आम्ही ओघळण्याचं प्रमाण ठरवतो. स्तनाग्र त्या घडीच्या खाली गेलं असेल, तर नुसतं इम्प्लांट घालून ते वर येत नाही.

उलट बिघडू शकतं. इम्प्लांटमधलं सिलिकॉन जेल साधारण पाण्याइतकंच जड असतं. ३०० सीसीचं इम्प्लांट म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ३०० ग्रॅम. आधीच सैल पडलेल्या त्वचेला पाव किलोहून जास्त ओझं टांगलं तर पुढच्या काही वर्षांत काय होईल, हे सांगायला सर्जन लागत नाही.

म्हणून पंचावन्न-साठच्या पुढच्या बऱ्याच बायकांना मी स्तनवर्धनाऐवजी ब्रेस्ट लिफ्ट सुचवते. यात जास्तीची त्वचा काढून, उरलेल्या भागाला आकार देऊन स्तनाग्र वर नेलं जातं. शरीरात परकी वस्तू जात नाही. किंमत मोजावी लागते ती व्रणांची: स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली, आणि ओघळ जास्त असेल तर खालच्या घडीतही, जहाजाच्या नांगरासारखा. आपल्या त्वचेवर व्रण जाड किंवा काळपट राहण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते. कान टोचल्यावर किंवा सिझेरियननंतर तुमचा व्रण कसा भरला होता, हे मी म्हणूनच विचारते. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, तेही आधीच ऐकून ठेवा.

ज्यांना आकारही थोडा हवा असतो, त्यांच्यासाठी पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरण्याचा पर्याय आहे. त्यातला काही भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे वाढ बेताचीच होते. चरबीच्या गाठी किंवा कॅल्शियमचे ठिपके नंतर मॅमोग्राफीत दिसू शकतात, म्हणून सोनोग्राफी-मॅमोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना हे ऑपरेशन झाल्याचं सांगायलाच हवं.

आणि एक घरगुती गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका वीस वर्षांपूर्वीच्या मापाची ब्रेसियर घालतात. पट्टा सैल, कप लहान. नीट मापाची, आधार देणारी ब्रेसियर घेऊन महिनाभराने या, असं सांगितल्यावर काही जणी परत येतच नाहीत. माझं उत्पन्न बुडतं, पण चालेल.

दुसऱ्या ऑपरेशनचा हिशेब

सिलिकॉन जेलचं इम्प्लांट पहिल्यांदा १९६२ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला बसवलं गेलं. त्यानंतरचा प्रवास सरळ नाही. सुरक्षिततेच्या प्रश्नांमुळे १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सौंदर्यासाठी सिलिकॉन जेल इम्प्लांट वापरण्यावर बंधन आणलं, ते २००६ मध्ये उठलं. फ्रान्सच्या पीआयपी या कंपनीने इम्प्लांटमध्ये कारखान्यातल्या वापराचं सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं आणि तिच्या संस्थापकाला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१९ मध्ये एका कंपनीची खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली, कारण त्यांचा लसिकापेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध दिसला होता. इम्प्लांट बसवून अनेक वर्षं झाल्यावर एका बाजूला अचानक पाणी साचून सूज आली, तर तो आजार तपासून बघावा लागतो. वेळेत सापडला तर बहुतेकदा इम्प्लांट आणि त्याभोवतीचं आवरण काढून बरा होतो.

आजची इम्प्लांट पूर्वीपेक्षा चांगली आहेत, यात शंका नाही. पण ती जन्मभराची नाहीत. एफडीए हे स्पष्ट शब्दांत सांगते. सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या पाचांपैकी एका बाईला दहा वर्षांच्या आत ती काढावी लागू शकतात, असं त्यांनी २०११ मध्येच सांगितलं होतं. कारणं अनेक: भोवतीचं आवरण आक्रसून स्तन कडक होणं, दुखणं, इम्प्लांट फाटणं, जागा सोडणं.

तिशीतल्या बाईला दुसरं ऑपरेशन पंचेचाळिशीत करावं लागेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी इम्प्लांट घेतलेल्या बाईला ते सत्तरीच्या आसपास करावं लागेल. तेव्हा हृदय कसं असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील का, सोबत कोण असेल, पैसे कोण देईल? आजची तब्येत पहिल्या ऑपरेशनला उत्तम असली, तरी दुसऱ्याचा विचार आजच करायला हवा. तरुण मुलींना हा प्रश्न इतका टोचत नाही. तुम्हाला टोचायला हवा, आणि तुमच्या सर्जनने तो काढला नाही तर तुम्ही काढा.

सिलिकॉनचं इम्प्लांट फाटलं तर बाहेरून कळेलच असं नाही. जेल आतच राहतं. म्हणून बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, अशी शिफारस आहे. खर्च मोजताना हाही धरा. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना मात्र या वगळणुकीत येत नाही, त्यामुळे कॅन्सरमुळे स्तन गमावलेल्या बायकांनी "इन्शुरन्स देत नाही" असं कुणी तोंडी सांगितलं म्हणून गप्प बसू नये. पॉलिसी काढून वाचा.

आधी मॅमोग्राफी

शिक्षिकाबाईंनी आयुष्यात एकदाही मॅमोग्राफी केलेली नव्हती. मी त्यांना सांगितलं, त्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय मी पुढचं काही बोलणार नाही.

इम्प्लांटमुळे नेहमीचा स्तनांचा कर्करोग होतो, असं नाही. पण इम्प्लांट मॅमोग्राफीत स्तनाचा काही भाग झाकतं. स्नायूखाली बसवलेलं त्यामानाने कमी झाकतं. उपाय आहे: तंत्रज्ञ इम्प्लांट मागे ढकलून स्तनाचा भाग पुढे ओढून जास्तीची छायाचित्रं घेतात. त्यासाठी इम्प्लांट आहे हे त्यांना माहीत असावं लागतं, आणि तुम्ही तपासणीला जावं लागतं.

पन्नाशीनंतर ही तपासणी का टाळू नये, याचा पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने नुसत्या हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, फक्त हात. म्हणजे या वयात कुणीतरी नियमित तपासत राहणं हीच मोठी गोष्ट आहे. छातीचा आकार बदलण्याच्या नादात ती सुटली, तर सौदा फारच महाग पडला.

शुगर, मिश्री आणि खांदा

साठी उलटलेल्या बाईला भूल झेपत नाही, हा समज सरसकट खरा नाही. सौंदर्यशस्त्रक्रियांच्या मोठ्या परदेशी नोंदींत पासष्टीपुढच्या पेशंटमध्ये गुंतागुंत तरुणांपेक्षा फार जास्त दिसलेली नाही. पण ते निवडून घेतलेले, तब्येतीने बरे पेशंट होते, हे विसरू नका. ती निवड आपल्याकडेही करावी लागते. ईसीजी, गरज पडली तर इको, रक्त तपासण्या, तीन महिन्यांची सरासरी शुगर. रक्त पातळ करायच्या गोळ्या, पाळीनंतरच्या हार्मोनच्या गोळ्या, थायरॉइड, काढे, चूर्णं, सगळं सांगा. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता मिश्री. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला बायका ठामपणे "नाही" म्हणतात. "मिश्री लावता का?" विचारलं की, "ती काय, दात घासायला." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि लिफ्टमध्ये स्तनाग्राचा रक्तपुरवठा आधीच नाजूक झालेला असतो. व्रण उसवणं, क्वचित स्तनाग्राचा भाग काळा पडणं, हे धोके त्यातून वाढतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे मिश्री पूर्ण बंद. निम्मी नाही, बंद.

खांदा आखडलेला असेल तर तोही आधी बरा करा. मधुमेही बायकांमध्ये हे फार आढळतं. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे बादली उचलायची नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, भरलेला कुकर उतरवायचा नाही, नातवाला कडेवर घ्यायचं नाही. आजी, हे शेवटचं जमणार आहे का?

घरात कुणाला सांगणार?

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे डाव्या स्तनाचा आकार बदलला म्हणून आल्या. बावन्नाव्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेल्या असताना त्यांनी इम्प्लांट बसवून घेतली होती. इकडे कुणालाही माहीत नव्हतं. पुढची आठ वर्षं त्यांनी मॅमोग्राफी केली नाही. भीती कॅन्सरची नव्हती. रिपोर्टवर "इम्प्लांट" असं लिहिलेलं येईल आणि फाईल सांभाळणारा मुलगा ते वाचेल, ही भीती. इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, त्याचं कार्डही त्यांनी फाडून टाकलं होतं. तपासणीत डावं इम्प्लांट फाटलेलं निघालं. ते काढता आलं, कॅन्सर नव्हता, सगळं निभावलं. पण आठ वर्षं त्या बाई एका कागदाला घाबरून जगल्या.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. ज्या पेशंटला घरात किंवा जवळच्यांत एकाही माणसाला हे सांगता येत नाही, तिला मी ऑपरेशनची तारीख देत नाही.

या नियमावरून माझ्याशी भांडणंही झाली आहेत. एक प्राध्यापिका चिडून म्हणाल्या, "म्हणजे नवऱ्याची परवानगी आणू का?" त्यांचा राग मला समजतो. परवानगी मी कुणाचीच मागत नाही. सज्ञान बाईच्या शरीरावर शस्त्रक्रिया करायला संमती फक्त तिचीच लागते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की सज्ञान, सक्षम पेशंटच्या वतीने तिची आईदेखील संमती देऊ शकत नाही. फॉर्मवर नवऱ्याची सही हवीच, असा हट्ट कुणी धरला तर कारण विचारा.

मला हवी आहे ती माहिती असलेली एक व्यक्ती. बहीण चालेल, मैत्रीण चालेल, सून चालेल. ऑपरेशनच्या रात्री धाप लागली तर डॉक्टरांना नेमकं सांगेल अशी. दहा वर्षांनी तुम्ही बेशुद्ध असाल आणि छातीचा एक्स-रे काढताना कुणी गोंधळला, तर उत्तर देईल अशी. ती प्राध्यापिका शेवटी दुसरीकडे गेल्या. मी चुकले का, हा प्रश्न मला अजूनही पडतो. पण नियम बदललेला नाही.

इम्प्लांट घेतलीच तर कंपनीचं नाव, प्रकार, आकार आणि क्रमांक असलेलं कार्ड मागून घ्या. एक प्रत पाकिटात, एक त्या विश्वासू व्यक्तीकडे. सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीआरएनबी पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी विचारायला संकोच करू नका. आम्हाला राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडून उठून या.

शिक्षिकाबाईंची मॅमोग्राफी स्वच्छ आली. तीन महिन्यांची शुगर ८.६ निघाली, म्हणून मी थांबायला सांगितलं. आता चार महिने झाले. शुगर ७.१ वर आली आहे, मिश्री सुटली आहे, आणि इम्प्लांटचा विचार त्यांनी स्वतःच सोडला आहे. लिफ्ट करायची की नाही, हे अजून ठरत नाही म्हणतात. ठरवायची घाईही नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत, या वेळी सुनेला घेऊन. गुडघ्यांची थाप तिने पहिल्याच दिवशी ओळखली होती म्हणे.